कन्सोलसाठी टीव्ही : उदगीरच्या एका घरातील निवडीचा प्रकरण अभ्यास

माझी थोरली बहीण उदगीरला दिली आहे. दाजींचे तिथे कृषी सेवा केंद्र आहे आणि घरात दाजी, ताई, दाजींच्या आई, ज्यांना आम्ही सगळेच आजी म्हणतो, आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा भाचा अशी चार माणसे आहेत. मी लातूरच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे विजेवर चालणारी कोणतीही वस्तू त्या घरात माझ्या होकाराशिवाय येत नाही. टीव्हीच्या बाबतीत हा होकार द्यायला मला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत जे मोजले, जे तपासले आणि जिथे मी स्वतः दोनदा चुकलो, त्याची ही नोंद आहे.

भाच्याने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून ऑगस्ट २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ हा टीव्हीवर खेळ खेळण्याचा कन्सोल घेतला आणि तो घरातल्या जुन्या ४० इंची फुल एचडी टीव्हीला जोडला. त्या टीव्हीच्या पडद्यावर उजवीकडे दोन उभ्या रेषा आधीच आल्या होत्या, म्हणून नवा टीव्ही घ्यायचाच होता. प्रश्न फक्त कोणता एवढाच होता. दाजींनी सव्वा लाखाची तयारी दाखवली. भाच्याने फोन केला तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता ५५ इंची ओएलईडी पडद्याचा टीव्ही घे म्हणून सांगून मोकळा झालो. खेळासाठी आणि चित्रासाठी ओएलईडीसारखे दुसरे काही नाही हे माझे मत आजही कायम आहे, पण ज्या खोलीत तो लागणार होता ती खोली टीव्हीच्या दृष्टीने मी कधी पाहिलीच नव्हती. ही पहिली चूक.

दरम्यान सप्टेंबर आला. २२ सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि भाच्याने टीव्ही दहा टक्के स्वस्त झाला म्हणून पुन्हा फोन केला. हिशेब तसा नाही. मूळ किंमत एक लाख धरली तर पूर्वी गिऱ्हाईक १,२८,००० मोजत होता, आता १,१८,००० मोजतो. म्हणजे हातातून जाणाऱ्या रकमेत घट होते ती सुमारे ७.८ टक्क्यांची. पण त्याच महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, उभे सोयाबीन पाण्यात गेले आणि दाजींची खते-बियाण्यांची उधारी शेतकऱ्यांकडे अडकून पडली. ज्याच्या शेतात गुडघाभर पाणी आहे त्याच्या दारात उधारी मागायला जायचे नाही हा दाजींचा शिरस्ता असल्याने टीव्हीचे अंदाजपत्रक ९५ हजारांवर आले आणि खरेदी दिवाळीनंतर ढकलली गेली. माझ्या दृष्टीने हे बरेच झाले, कारण दिवाळीला मी उदगीरला गेलो आणि टेप घेऊन खोली मोजली.

बैठकीची खोली ११ फूट रुंद आणि १४ फूट लांब आहे. टीव्हीच्या भिंतीसमोर सोफा आहे आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर २.८ मीटर भरले. भाचा मात्र सोफ्यावर बसून खेळत नाही. तो खाली सतरंजीवर, पडद्यापासून जेमतेम १.८ मीटरवर बसतो. आजींचा दिवाण डाव्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे त्या पडद्याकडे सुमारे ४५ अंशांच्या कोनातून पाहतात. पश्चिमेला मोठी खिडकी आहे आणि दुपारी चारनंतर तिच्यातून येणारा उजेड थेट टीव्हीच्या भिंतीवर पडतो. म्हणजे टीव्ही एक असला, तरी पाहणारे तीन ठिकाणांहून तीन वेगळी चित्रे पाहणार होते.

सोफ्यावरून पाहता ५५ इंची पडदा, ज्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर असते, दृष्टिक्षेपाचे २४ ते २५ अंश व्यापतो. १४४ सेंटिमीटर रुंदीचा ६५ इंची पडदा जवळपास २९ अंश व्यापतो. चित्रपट पाहण्यासाठी साधारण ३० अंशांची शिफारस केली जाते, म्हणजे सोफ्याच्या हिशेबाने ६५ इंच हाच योग्य आकार ठरत होता. सतरंजीवरून तोच पडदा जवळपास ४४ अंश भरतो, जे खेळणाऱ्याला हवेच असते. दाजींना ६५ इंच म्हणजे भिंतभर होईल अशी धास्ती होती, म्हणून आम्ही वर्तमानपत्राची पाने चिकटवून त्या मापाचा आयत भिंतीवर लावला आणि तो दिवाळीभर तसाच ठेवला. भाऊबीजेपर्यंत कुणाला त्याचे काही वाटेनासे झाले.

याच मोजमापातून एक गोष्ट निघाली, जी दुकानात कुणी सांगत नाही. ६५ इंची पडद्यावर फुल एचडी चित्राचा एक ठिपका पाऊण मिलिमीटरचा होतो आणि निरोगी डोळ्याला एवढा ठिपका अडीच मीटरच्या थोडे पलीकडून सुटा दिसत नाही. सोफ्यावर बसलेल्या दाजींना फोरके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचे चित्र, आणि फुल एचडी यांतला फरक त्यामुळे जवळपास कळणारच नाही. तो कळणार सतरंजीवरच्या भाच्याला. सोफ्यावरून जो फरक कुणालाही कळतो तो काळ्या रंगाचा, म्हणजे अंधारलेले दृश्य खरोखर अंधारलेले दिसते की राखाडी धुके पसरल्यासारखे दिसते याचा असतो. टीव्हीच्या खोक्यावर ठिपक्यांचा आकडा ठळक छापतात आणि काळेपणाचा आकडा बहुधा छापतच नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक नेमका उलट्या क्रमाने विचार करतो.

ओएलईडी बाद झाला तो नुसत्या पैशामुळे नव्हे. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो आणि हवा तेव्हा पूर्ण विझतो, म्हणून काळा रंग काळाच राहतो, आणि ठिपक्याचा रंग एक मिलिसेकंदाच्या आत बदलत असल्याने वेगवान हालचालीत चित्र फरपटत नाही. कोनातून पाहिले तरी रंग टिकतात, त्यामुळे आजींच्या दिवाणासाठीही तोच उत्तम होता. पण आजी दुपारी चार ते रात्री दहा टीव्हीसमोर असतात, त्यातला अर्धा वेळ बातम्या असतात आणि वृत्तवाहिनीचे बोधचिन्ह व खालची लाल पट्टी त्याच जागी तासन्‌तास उजळत राहते. अशा वापरात ओएलईडीच्या पडद्यावर त्या आकृतीची कायमची छाया उमटण्याचा धोका असतो आणि बहुतेक वॉरंटीपत्रकांत हा दोष वगळलेला असतो. शिवाय चारनंतरच्या पश्चिमेच्या उजेडात पूर्ण पडदा उजळवण्याची ओएलईडीची ताकद कमी पडते. आजींना बातम्या कमी पाहा असे सांगणे हा तांत्रिक उपाय होऊ शकत नाही, म्हणून मी माझा ऑगस्टमधला सल्ला मागे घेतला. भाचा चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही लातुरात दोन दुकाने पाहिली. पहिल्या दुकानात टीव्हीला कन्सोल जोडून पाहू देत नाहीत असे सांगण्यात आले, तेव्हा आम्ही चहा घेऊन बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानातला विक्रेता तरुण होता. भाच्याने पाठीवरच्या पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला प्लेस्टेशन काढला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “लावा की सर, मलाबी बघायचंय.” त्याच्या या कुतूहलामुळेच पुढची तपासणी होऊ शकली.

समोर दोन टीव्ही होते. पहिला ६५ इंची, ६२ हजारांचा, ज्याच्या कोपऱ्यावर १२० हर्ट्झ (म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो) आणि एचडीएमआय २.१ (म्हणजे कन्सोल जोडायच्या सॉकेटाची नवी पिढी) अशा दोन्ही पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. दुसरा त्याच मापाचा, मिनी एलईडी प्रकारचा, १४४ हर्ट्झचा, ९२ हजारांचा. भाच्याचे म्हणणे असे की दोन्हीवर १२० लिहिले आहे तर ३० हजार जास्त कशासाठी द्यायचे, आणि प्रश्न रास्त होता.

प्लेस्टेशन ५ च्या स्क्रीन अँड व्हिडिओ या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन नावाचे एक पान आहे. त्यावर कन्सोल या क्षणी कोणता सिग्नल पाठवत आहे हे स्पष्ट लिहिलेले असते, आणि टीव्ही विकत घेणाऱ्याने दुकानात उघडावे असे माझ्या मते हे एकमेव पान आहे. पहिल्या टीव्हीला जोडून १२० हर्ट्झचा खेळ सुरू केला तेव्हा त्या पानावर १९२० × १०८० – १२० हर्ट्झ अशी ओळ आली. खेळ बंद करताच ३८४० × २१६० – ६० हर्ट्झ आली. म्हणजे हा टीव्ही फोरके आणि १२० या दोन्ही गोष्टी घेत होता, पण एका वेळी एकच. मूळचे ६० हर्ट्झचे पॅनेल वापरून, पडद्याच्या दोन-दोन ओळी एकदम ताज्या करून १२० चा आकडा गाठण्याची एक युक्ती हल्ली स्वस्त टीव्हींत असते, तिच्यात उभी बारकाई निम्मी होते. दोन चित्रांच्या मधे तिसरे बनावट चित्र घालून हालचाल गुळगुळीत करणाऱ्या सोयीलाही कंपन्या १२० म्हणतात, तिचा कन्सोलशी काही संबंध नसतो. एचडीएमआय २.१ ही पट्टीही तितकीच फसवी आहे. जुन्या २.० जोडणीतून सेकंदाला १८ गिगाबिट जातात, २.१ मधून ४८ पर्यंत जाऊ शकतात. पण ते जाऊ शकतात एवढेच, कारण २.१ मधल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत आणि त्यांतली एखादीच दिली तरी खोक्यावर २.१ छापता येते.

मिनी एलईडीवर तेच पान ३८४० × २१६० – १२० हर्ट्झ दाखवू लागले आणि व्हीआरआरच्या, म्हणजे कन्सोलच्या वेगाप्रमाणे पडद्याने स्वतःचा वेग बदलण्याच्या सोयीच्या, पुढे होकार आला. त्याच्या खाली रंगाच्या जागी आरजीबीऐवजी वायूव्ही४२२ आले, तेव्हा विक्रेत्याला वाटले की टीव्हीतच काही खोट आहे. तसे नाही, प्लेस्टेशन ५ ची जोडणी ३२ गिगाबिटपर्यंतच जाते आणि फोरके १२० ला रंगाची थोडी माहिती गाळल्याशिवाय ते चित्र त्यात मावत नाही. खेळताना हा फरक डोळ्याला दिसत नाही.

इथे खरे सांगायचे तर १२० एफपीएसने, म्हणजे सेकंदाला १२० चित्रांनी, धावणारे खेळ थोडेच आहेत, आणि भाचा जे मोठ्या मोकळ्या जगातले खेळ खेळतो ते बहुधा ३० किंवा ६० वर चालतात. तरीही १२० च्या पॅनेलचा त्याला रोजचा उपयोग आहे, तो दोन कारणांनी. एक, काही खेळांत ४० एफपीएसची सोय असते. ६० ला ४० ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून ६० हर्ट्झच्या पडद्यावर ४० चे चित्र अडखळते; १२० वर मात्र प्रत्येक चित्र बरोबर तीनदा, म्हणजे २५ मिलिसेकंद दिसते. ३० एफपीएसचे चित्र ३३.३ मिलिसेकंद राहते आणि ६० चे १६.७, त्यांच्या अगदी मधोमध हे २५ येतात. ऐकायला ४० हा आकडा ३० च्या जवळचा वाटतो, पण हाताला तो निम्मा रस्ता कापून आलेला जाणवतो. दुसरे कारण व्हीआरआर. प्लेस्टेशन ५ ला ही सोय एप्रिल २०२२ मध्ये मिळाली आणि ती ४८ ते १२० हर्ट्झच्या दरम्यान काम करते. पडदा ६० लाच संपत असेल तर या सोयीला खेळायला जागाच उरत नाही.

मग आम्ही बटण आणि पडदा यांच्यातला उशीर मोजला. त्यासाठी कुठलेही यंत्र लागत नाही. मोबाइलवर २४० एफपीएसचे स्लो मोशन लावले, कंट्रोलर पडद्यासमोर धरला आणि भाच्याने उडीचे बटण दाबले. नंतर व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत, अंगठा बटणावर टेकल्यापासून खेळातला माणूस जमीन सोडेपर्यंत किती चित्रे जातात ते मोजले. एक चित्र म्हणजे सव्वाचार मिलिसेकंदांना थोडे कमी. मिनी एलईडीवर दुकानाच्या झगमगीत मोडमध्ये ४७ चित्रे गेली आणि गेम मोड लावताच २४. यात कंट्रोलरचा आणि खेळाचा स्वतःचा वेळही धरलेला आहे, पण मोड बदलल्याने जो फरक पडला तो सगळा टीव्हीचा, म्हणजे जवळपास ९६ मिलिसेकंद. विक्रेत्याने तो व्हिडिओ स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला.

काळ्या रंगाची परीक्षा त्याहून सोपी होती. दुकानातला झगमगीत मोड काढून सिनेमा मोड लावला, पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवरचा पांढरा ठिपका आणला आणि विक्रेत्याला त्या कोपऱ्यातले दिवे घालवायला सांगितले. पहिल्या टीव्हीचा सगळा पडदा पहाटेच्या आभाळासारखा उजळला. मिनी एलईडीत पडद्यामागे शेकडो गटांत विभागलेले बारीक दिवे असतात आणि लागतील तेवढेच गट पेटतात, त्यामुळे तिथे ठिपक्याभोवती हाताच्या पंजाएवढे वलय दिसले आणि बाकीचा पडदा काळा राहिला. वलय हा दोषच आहे, ओएलईडीत तो नसतो, आणि घेणाऱ्याने तो पाहूनच घ्यावा. गेम मोडमध्ये गेल्यावर काही टीव्ही हे गटवार नियंत्रण ढिले सोडतात, म्हणून हीच परीक्षा गेम मोडमध्ये पुन्हा घेतली.

डॉल्बी व्हिजनच्या चिन्हाबद्दल थोडक्यात सांगायचे तर तो एचडीआरचा, म्हणजे चित्रातला उजेड-अंधाराचा पल्ला वाढवण्याचा, एक प्रकार आहे; प्लेस्टेशन ५ खेळांसाठी तो वापरत नाही, एचडीआर१० हा दुसरा प्रकार वापरतो. एक्सबॉक्स सिरीज एक्स हा कन्सोल डॉल्बी व्हिजन वापरतो, पण तो या घरात नाही.

आम्ही मिनी एलईडी घेतला. त्याचे पॅनेल व्हीए जातीचे आहे. या जातीत काळा रंग चांगला येतो, पण कोनातून पाहिले की रंग फिकट होतात. आयपीएस जातीत नेमके उलटे असते. म्हणजे आजींच्या दिवाणाचा प्रश्न आम्ही सोडवला नाही, फक्त पुढे ढकलला. ६५ इंची खोके पिकअपमधून उभेच आणले, आडवे टाकले असते तर साठ-सत्तर किलोमीटरच्या रस्त्यात काच दगावली असती. टीव्ही येण्यापूर्वी मी घराची वीज तपासून घेतली होती. टीव्ही आणि कन्सोल दोन्ही कमी दाबावर निभावून नेतात. त्यांना मारतो तो गेलेली लाइट परत येतानाचा झटका आणि ढिले अर्थिंग. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात १४ व्होल्ट दिसले, जे दोन-तीनच्या पुढे जाऊ नयेत. अर्थिंगचा खड्डा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखाली झाकला गेला होता आणि त्यात कित्येक वर्षांत पाणी घातलेले नव्हते. नवा खड्डा, मीठ, कोळसा आणि एक चांगला स्पाइक गार्ड यांचा खर्च टीव्हीच्या खर्चात धरला तेव्हा दाजींनी कपाळाला हात लावला, पण अर्थिंग खराब असलेल्या घरात डिशच्या वायरमधून येणारा झटका सर्वात आधी एचडीएमआयची सॉकेटे जाळतो हे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसरी चूक जोडणीच्या दिवशी झाली. टीव्हीच्या चार सॉकेटांपैकी दोनच फोरके १२० घेतात आणि त्यांतले एक ईएआरसीचे, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवण्याचे, असते, हे मला माहीत होते. प्लेस्टेशन चौथ्यात, साउंडबार तिसऱ्यात, सेट-टॉप बॉक्स पहिल्यात अशी वाटणी मी कागदावर केलेली होती. त्या सॉकेटासाठी सिग्नल फॉरमॅट वाढीव करायची सेटिंगही लावली. तरी खेळ सुरू केला की दर दोन-चार मिनिटांनी पडदा दोन सेकंद काळा होई आणि परत येई. मी टीव्हीवर संशय घेतला, कंपनीच्या माणसाला बोलावण्याची तयारी केली, आणि मग ताई म्हणाली, “अरे, ती भिंतीतली वायर तर जुनीच हाय ना?” फर्निचर करताना सुताराने कपाटापासून टीव्हीपर्यंत भिंतीतून सात-आठ मीटरची एचडीएमआय केबल ओढलेली होती आणि मी तिलाच दोन्ही टोके जोडली होती. एवढ्या लांबीत ४८ गिगाबिटच्या लायकीची साधी केबल मिळणेही कठीण. ही तर फुल एचडीच्या काळातली होती. प्लेस्टेशनच्या खोक्यात आलेली केबल काढून कन्सोल टीव्हीखालच्या कप्प्यात आणला तेव्हा काळे होणे थांबले.

त्यानंतरची जुळवणी दोन संध्याकाळी चालली. प्लेस्टेशनच्या ॲडजस्ट एचडीआर या पानावर तीन पडदे येतात आणि त्यांवरची खूण जेमतेम दिसेल इथवर उजेड आणायचा असतो. त्याआधी टीव्हीचे टोन मॅपिंग, म्हणजे चित्राचा उजेड पडद्याच्या ताकदीत बसवणे, एचजीआयजीवर, म्हणजे ते काम कन्सोलवर सोडणाऱ्या पर्यायावर, ठेवले, नाहीतर कन्सोल आणि टीव्ही दोघेही तोच उजेड आपापल्या परीने वाकवतात. सिनेमासाठी उबदार छटेचा सिनेमा मोड ठेवला. पहिले दोन दिवस तो सगळ्यांना पिवळट वाटला, तिसऱ्या दिवशी जुना मोड निळा वाटू लागला. आजींच्या मालिका ६५ इंचांवर पुसट दिसतात ही तक्रार खरी आहे, कारण त्यांच्या डिशच्या पॅकमध्ये त्या वाहिन्या एसडीच, म्हणजे कमी ठिपक्यांच्या जुन्या दर्जाच्याच, होत्या. पॅक बदलल्यावर बराच फरक पडला. दिवाण मात्र हलवावा लागला. चाळीस वर्षे एका भिंतीला असलेला दिवाण सोफ्याशेजारी, पडद्याच्या समोर आणायला आजी दोन आठवडे तयार नव्हत्या; नंतर त्यांनी स्वतःच दाजींना सांगून तो हलवून घेतला.

एक काम राहिले आहे. टीव्हीखालच्या ज्या कप्प्यात आता प्लेस्टेशन आहे त्याला पुढे काचेचे दार आणि मागे प्लायवूड आहे. प्लेस्टेशन ५ साठी कंपनीने ५ ते ३५ अंश सेल्सिअस ही तापमानाची मर्यादा दिली आहे आणि उदगीरच्या घरात चैत्र-वैशाखातल्या दुपारी उघड्या खोलीतही पारा ३५ च्या वर राहतो, मग बंद कप्प्यात काय होईल हे वेगळे सांगायला नको. काचेचे दार मी काढून माळ्यावर ठेवले आहे. मागचे प्लायवूड कापायला सुताराला सांगितले आहे, आणि तो उद्या येतो म्हणाला त्याला आता महिना झाला.